रुंद चाकांसाठी जागा आणायची कुठून?

ऑगस्ट महिन्यातला तिसरा शनिवार. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरातून उत्तरेला पॉन्टियाक गावाकडे जाणारा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता. त्याच्या कडेला सकाळपासूनच लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात. सोबत थंड पेयांची पेटी, डोक्यावर टोपी, मांडीवर नातवंडं. आपल्याकडे पालखी बघायला जसे लोक रस्त्याच्या दुतर्फा थांबतात तसाच प्रकार. फक्त समोरून जातात त्या जुन्या मोटारी. १९९५ साली फर्नडेल गावात मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायचे म्हणून सुरू झालेली ही फेरी आता हजारो मोटारींची जत्रा झाली आहे. डेट्रॉईटच्या परिसरात मोटार कंपन्यांत नोकरी करणारी बरीच मराठी मंडळी राहतात, त्यांनाही ही जत्रा नवी नाही.

या जत्रेत सगळ्यात जास्त माना वळतात त्या ‘मसल कार’कडे. म्हणजे १९६४ ते साधारण १९७२ या काळातल्या, मध्यम आकाराच्या पण पोटात भलंमोठं आठ सिलिंडरचं इंजिन घेऊन धावणाऱ्या दोन दरवाजांच्या अमेरिकन गाड्या. पॉन्टियाक जीटीओ, डॉज चार्जर, शेव्हरोले कमारो, फोर्ड मस्टँग. गाडी समोरून येताना दिसते तेव्हा सगळे तिचं तोंड बघतात. जाणकार मात्र ती पुढे जाईपर्यंत थांबतो आणि मग खाली वाकून मागची चाकं बघतो. पुढची चाकं बेताची, आणि मागची अशी रुंद की मडगार्डाखाली जेमतेम मावलेली!

मागचीच का? आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. ट्रॅक्टरची मागची चाकं मोठी आणि रुंद असतात, कारण ओढायचं काम ती करतात. मसल कारमध्येही इंजिन पुढे असलं तरी त्याची ताकद पोहोचते मागच्या चाकांनाच. पण या गाड्यांची खरी अडचण वेगळी होती. इंजिनं पहिलवानाची आणि पायात वहाणा मात्र शाळकरी पोराच्या!

उदाहरण बघा. १९६४ साली पॉन्टियाक कंपनीने जीटीओ बाजारात आणली. जनरल मोटर्सचा नियम असा की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नवी गाडी म्हणून नव्हे, तर आधीच्याच टेंपेस्ट गाडीवर गिऱ्हाइकाने मागितलं तर मिळणारी जादा सोय म्हणून त्यांनी ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं. वरिष्ठांनी पाच हजार गाड्यांना परवानगी दिली होती. पहिल्या वर्षी खपल्या ३२,४५०!

त्या काळच्या मोजमापाप्रमाणे या इंजिनाची ताकद होती ३२५ अश्वशक्ती. आणि टायर? ७.५०-१४, म्हणजे साडेसात इंच रुंद. आता आपल्या अँबॅसॅडरची आठवण काढा. दीड लिटरचं इंजिन, पन्नासेक अश्वशक्ती आणि टायर ५.९०-१५. ताकद सहापटीने जास्त, पण टायरची रुंदी वाढली जेमतेम दीड इंच! अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जाण्याऐवजी मागचे टायर जागच्या जागी गरगरत धूर काढायचे. सिनेमात तो धूर छान दिसतो. पण टायर जागेवर फिरत असतो तोवर इंजिनाची ताकद वाया जात असते, आणि ओल्या रस्त्यावर असं झालं तर गाडीची शेपूट कुठे जाईल याचा नेम नसतो.

यात आणखी एक गंमत आहे. गाडी जोरात निघते तेव्हा आपण सीटवर मागे रेलतो, तसा गाडीचा भारही मागे सरकतो. सोळाशे किलोची गाडी, दोन चाकांच्या जोड्यांमधलं अंतर २.९ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच असं धरा. गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या प्रवेगाने ती सुटली तर सुमारे १४० किलो भार पुढच्या चाकांवरून उठून मागच्यांवर येतो. दोन धडधाकट माणसं पुढून उठून मागे जाऊन बसावीत तसं. म्हणजे ज्या क्षणी पकड हवी असते नेमक्या त्याच क्षणी मागच्या चाकांना भार मिळतो. तो भार वापरायला टायरही तसाच हवा, एवढाच मालकाचा मुद्दा.

पण रुंद टायर म्हणजे आपोआप जास्त रबर जमिनीला टेकतं, हा समज अर्धाच खरा. जमिनीला टेकणारा भाग मुख्यतः गाडीच्या भारावर आणि आतल्या हवेच्या दाबावर ठरतो. भार आणि हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला तर तो ठसा रुंद होतो आणि लांबीला कमी होतो. फायदा होतो तो रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, मऊ रबर वापरता येतं आणि ते लवकर तापत नाही म्हणून. पावसात मात्र हाच रुंद टायर अरुंद टायरच्या आधी पाण्यावर तरंगायला लागतो. दुकानदार हे सहसा सांगत नाही.

टायर कंपन्यांच्याही हे लक्षात आलं होतं. १९६७ च्या सुमारास फायरस्टोनने ‘वाईड ओव्हल’ नावाचा बुटका, रुंद टायर आणला आणि मग ‘एफ ७०-१४’ अशी मापं रुळली. त्यातलं ७० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के. पुढे साठ टक्क्यांचे आले. १९७० च्या दशकात तरुण पोरांनी हे टायर जुन्या गाड्यांवर चढवायला सुरुवात केली आणि मडगार्डाच्या कडेला टायर घासायला लागले. त्यावर सोपा उपाय निघाला, हवा भरायचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. पंपाने हवा भरली की गाडीची पाठ वर! बसलेला बैल उठताना आधी मागचे पाय उभे करतो, तशा या गाड्या वर्षानुवर्षं अमेरिकेच्या रस्त्यांवर हिंडल्या. पण शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं काम धक्के शमवायचं, गाडीचं ओझं उचलायचं नव्हे. त्याचे बोल्ट ज्या पत्र्याला असतात तो ओझं पेलण्यासाठी बनवलेलाच नसतो. तो तडकतो. शिवाय पाठ उंच झाल्यावर गाडी वळणावर आणि ब्रेक लावताना अस्थिर होते ती वेगळीच. फॅशन गेली हे बरंच झालं.

दाब नसलेला ब्लाऊज

घरोघरी शिवणयंत्र असण्याच्या काळात कपडा बेतताना आत दोन्ही बाजूंना दाब सोडायची पद्धत होती. अंग भरलं की टीप उसवायची, ब्लाऊज सैल करायचा. मोटारीच्या पत्र्यात असा दाब नसतो. चाकाला जेवढी जागा कारखान्याने दिली तेवढीच. मग रुंदी वाढवायची तर जागा आणायची कुठून?

समजा, १९६९ ची कमारो आहे. साध्या कमारोची चाकं १४ इंची. झेड/२८ या शर्यतीच्या वळणाच्या गाडीला १५ इंची, सात इंच रुंद. अशा गाडीत मागे काहीही न कापता आठ इंच रुंद रिम आणि २५५ मिलिमीटरचा टायर बहुधा बसतो, पण अगदी मापात. आठ इंची रिम म्हणजे टायर धरणाऱ्या दोन्ही कडा धरून कडेपासून कडेपर्यंत नऊ इंच. हबला जिथे बोल्ट लागतात तिथून आतल्या कडेपर्यंतचं अंतर साडेचार इंच असेल तर बाहेरही साडेचार उरतात. हे आतलं अंतर, ज्याला तिकडे ‘बॅकस्पेसिंग’ म्हणतात, तेच या सगळ्या खटाटोपातलं कळीचं माप. आता मालकाला हवी आहे दहा इंची रिम, म्हणजे कडा धरून अकरा. बाहेर मडगार्ड आहे, तिकडे साडेचारच्या पुढे सरकायला वाव नाही. मग सगळी वाढ आत, आणि बॅकस्पेसिंग साडेसहा. आत दोन इंच जास्त हवेत! आणि नेमके तिथे उभे असतात स्प्रिंगचे पाटे, म्हणजे ट्रकला असतात तशा कमानी. त्यांच्या आजूबाजूला ब्रेकची नळी, धुराड्याचा पाईप आणि चासीचा दांडा. टायर तर रिमच्याही बाहेर फुगतो, त्याचा हिशेब वेगळाच. (जीटीओला पाटे नसून वेटोळ्याचे स्प्रिंग आहेत, म्हणून तिची अडचण थोडी निराळी, पण आतली भिंत तिलाही आहेच.)

हे माप घ्यायचं कसं? गाडी उभी असताना टेपने मोजून भागत नाही. रस्त्यावर खड्डा आला की मागचा एक्सल वर येतो, वळणावर गाडी कलते, पाटे थोडे बाजूला सरकतात. म्हणून चांगला कारागीर गाडी सपाट जमिनीवर भक्कम घोड्यांवर चढवतो, जॅकने एक्सल वरच्या टोकापर्यंत उचलतो आणि मग चाक जिथे जिथे जाऊ शकतं तिथे तिथे सरळ पट्टी आणि ओळंबा लावून अंतर लिहून घेतो. दोन्ही बाजूंना. कारण साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत डाव्या आणि उजव्या बाजूत पाव-अर्ध्या इंचाचा फरक सापडणं नवलाचं नाही. पाट्यापासून आणि पत्र्यापासून टायर बोटभर तरी लांब हवाच. ज्या मालकाने एकाच बाजूचं माप घेऊन दोन महागड्या रिम मागवल्या त्याची एक रिम बसते आणि दुसरी गॅरेजच्या भिंतीला टेकून उभी राहते.

घासलेला टायर म्हणजे फक्त कुईकुई आवाज नव्हे. मडगार्डाची आत दुमडलेली कड सुरीसारखी असते. महामार्गावर भरधाव वेगात मागे माणसं बसल्याने गाडी दबली आणि ती कड टायरच्या भिंतीत घुसली तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

मागच्या सीटची किंमत

जागा करण्याचे मार्ग आहेत, आणि ते एकापेक्षा एक जालीम आहेत. पहिला, मडगार्डाची कड आतून रोलर फिरवून चपटी करायची. पूर्वी पोरं टायर आणि मडगार्डाच्या फटीत बेसबॉलची बॅट घालून गाडी ढकलत हे काम करायची! मिळते जेमतेम अर्धा इंच जागा, आणि पत्रा नीट तापवला नाही तर वरचा रंग तडकतो. दुसरा, पाटे आतल्या बाजूला सरकवायचे. त्यासाठी तयार ब्रॅकेट मिळतात. थोडंसं सरकवायचं तर बोल्टवर भागतं, तीन-तीन इंच सरकवायचे तर वेल्डिंग आलं.

तिसरा मार्ग पत्रा कापण्याचा. मागच्या चाकाच्या वर आतल्या बाजूला पत्र्याचं अर्धगोल घमेलं असतं. त्याचा आतला भाग कापून चासीच्या दांड्यापर्यंत आत घ्यायचा आणि मधल्या फटीत नवा पत्रा वेल्ड करायचा. याला ‘मिनी-टब’ म्हणतात. दोन-तीन इंच मिळतात आणि तीनशे मिलिमीटरच्या पुढचे टायर मावतात. पण तेवढं घमेलं आत आलं की डिकीची जागा कमी होते, झाकणाच्या बिजागऱ्या आड येतात आणि मागच्या सीटच्या दोन्ही कडा छाटाव्या लागतात. एक्सलचं हाऊसिंगही दोन्ही बाजूंनी कापून आखूड करावं लागतं आणि आतले दांडे लेथवर नव्याने कातून घ्यावे लागतात, ते निराळंच.

१९८० च्या दशकात तर ‘प्रो स्ट्रीट’ नावाची लाट आली. शर्यतीच्या गाडीसारखे अवाढव्य टायर मागे बसवायचे म्हणून लोकांनी गाडीचा मागचा तळच कापून काढला. दोन प्रचंड घमेली आत आली आणि मागची सीट गेली. ज्या गाडीत आईबाप पुढे आणि दोन पोरं मागे बसून आजीकडे जायची, ती दोन माणसांची गाडी झाली. अशी गाडी प्रदर्शनात बक्षीस मिळवते. घरात मात्र ‘आता मुलांना कुठे बसवायचं?’ हा प्रश्न त्या बक्षिसाच्या शेजारीच उभा असतो. प्रस्तुत लेखिकेला विचाराल तर हा सौदा तोट्याचा. पण हौसेला मोल नसतं म्हणतात!

मोल नसतं हेही तितकंसं खरं नाही. ‘बुलिट’ हा १९६८ चा सिनेमा अनेकांना आठवत असेल. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर स्टीव्ह मॅक्वीन हिरव्या मस्टँगमधून काळ्या चार्जरच्या मागे लागतो तो. त्या दोन मस्टँगपैकी मॅक्वीनने प्रत्यक्ष चालवलेली गाडी १९७४ साली रॉबर्ट किअर्नन या गृहस्थांनी एक जाहिरात बघून सहा हजार डॉलर्सला विकत घेतली. त्यांची पत्नी शिक्षिका होती, ती या गाडीतून शाळेत जायची! १९७७ साली मॅक्वीनने पत्र लिहून गाडी परत मागितली. किअर्नन यांनी दिली नाही. पुढे क्लच बिघडला, गाडी उभी राहिली आणि वर्षानुवर्षं घरातच पडून होती. २०१८ च्या जानेवारीत डेट्रॉईटच्या मोटार प्रदर्शनात ती जगापुढे आली आणि जानेवारी २०२० मध्ये लिलावात गेली सदतीस लाख चाळीस हजार डॉलर्सला. पत्र्यावर गंज, रंग विटलेला. कुणी काही ‘सुधारलेलं’ नव्हतं, त्याचीच ती किंमत. गंमत अशी की सिनेमासाठी या गाडीची चाकं बदललेली होतीच. कारखान्याची काढून अमेरिकन रेसिंग कंपनीची ‘टॉर्क थ्रस्ट’ चाकं बसवली होती. पण ती बोल्टवरची. आणि कॅमेरे वगैरेसाठी चित्रीकरणवाल्यांनी जे कापलं-जोडलं होतं त्याच खुणांवरून ही गाडी अस्सल असल्याची खात्री पटली. म्हणजे कापणंही प्रत्येक वेळी वाईटच असं नाही. पण त्यासाठी तुमच्या गाडीत स्टीव्ह मॅक्वीन बसलेला असावा लागतो.

प्रत्येक जुनी मस्टँग काही ‘बुलिट’ नसते हे खरं. हजारो गाड्या साध्या इंजिनाच्या, आधीच दोन-तीनदा पत्रा बदललेल्या आहेत. त्यांच्या मालकाने मिनी-टब केला तर काही इतिहास बुडत नाही. चांगल्या हाताने केलेलं काम असेल तर गिऱ्हाईक जादा पैसेही मोजतं. पण ज्या गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि चासीचे क्रमांक कारखान्यातून निघाले तसेच जुळतात तिच्या पत्र्याला करवत लावण्याआधी दहादा विचार करावा. त्यांच्यासाठी बोल्टवरचा मार्ग उरतो. जेवढं मावतं तेवढंच घालायचं. चाक थोडं मोठ्या व्यासाचं, टायरची भिंत बुटकी, रबर आजच्या काळातलं. साठच्या दशकातल्या साडेसात इंची टायरपेक्षा आजचा साधा २३५ मिलिमीटरचा रेडियल टायरही पकडीला कितीतरी सरस आहे. जुन्या चार रिम मात्र विकायच्या नाहीत, टायर काढून कोरड्या जागी टांगून ठेवायच्या.

बोल्टवरच्या मार्गातही काही गोष्टी बघाव्या लागतात. चाक बाहेर आणण्यासाठी हब आणि रिममध्ये स्पेसरची चकती घालतात. ती पातळ आणि अचूक असली आणि बोल्ट त्या मानाने लांब असले तर ठीक, नाहीतर चाक जेमतेम दोन-चार आट्यांवर लटकत राहतं. चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर जोर जास्त. २५५/६०-१५ टायरची उंची सुमारे २७ इंच, २७५/६०-१५ ची २८ इंच. तेवढ्या फरकानेही स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर १०३ च्या वर असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ब्रेक. यातल्या कितीतरी गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते. मागे रुंद टायर घालून गाडी सुसाट सुटेल, पण थांबवायचं मुख्य काम पुढच्या चाकांचं. तिथे डिस्क ब्रेक बसवण्याआधी मागचे टायर घेणारा माणूस घर बांधताना आधी गच्ची घालतो असंच म्हणायला हवं! टायर जुने पडून असलेले घेऊ नयेत हेही आलंच. सन २००० पासून टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

हे वाचून कुणा वाचकाच्या घरातला चिरंजीव उद्या आपल्या गाडीचे मडगार्ड बघायला लागला तर त्याला आपल्याकडचा कायदाही दाखवावा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

वुडवर्डच्या रस्त्यावर संध्याकाळी गर्दी ओसरते तेव्हा कडेच्या मोकळ्या जागांत उभ्या असलेल्या काही गाड्यांच्या काचेवर ‘विकणे आहे’ची चिठ्ठी असते. गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकतं, रंगावरून हात फिरवतं. मग खिशातून बॅटरी काढतं, डिकी उघडून गालिचा उचलतं आणि चाकावरच्या घमेल्याच्या पत्र्यावर प्रकाश टाकून बघतं, तिथला जोड कारखान्याचा आहे की नंतर कुणी केलेला.